दोरानं फांदी उतरवताना: नवख्यांसाठी रिगिंगचे पहिले धडे

झाडाखाली मोकळी जागा असेल तर फांदी कापून सरळ पाडता येते. खाली छप्पर, भिंत, कुंपण किंवा जपायची रोपं असली की तसं करून चालत नाही. तिथे फांदी आधी दोराला बांधतात, मग कापतात आणि दोराच्या आधारानं हव्या त्या जागी उतरवतात. झाडकामात याला रिगिंग म्हणतात. ज्यांनी दोर कधी हातात धरलेला नाही, पण हे काम शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. झाडावर चढणं आणि चेनसॉ चालवणं हे वेगळे विषय आहेत आणि ते जाणकाराच्या नजरेखालीच शिकावे लागतात. इथे दोर, गाठी, कप्पी आणि ब्रेक, म्हणजे घर्षणानं दोराला आवरणारं साधन, एवढंच घेतलं आहे.

नवख्याचं सगळं लक्ष वर, करवतीकडे लागलेलं असतं. पण काम बरं झालं की वाईट, हे बहुतेक वेळा खाली दोर धरणाऱ्या माणसावर ठरतं. कापलेलं लाकूड त्यानं एकदम अडवलं तर दोर, कप्पी, झाड आणि वर बसलेला माणूस या सगळ्यांना हिसका बसतो. तेच लाकूड त्यानं थोडं सरकू दिलं आणि हळूहळू ब्रेक लावला, तर तोच दोर तेच वजन सहज पेलतो. म्हणून मी शिकणाऱ्याला सांगतो, पहिले काही महिने खालीच उभे राहा.

वजनाचा अंदाज

करवत लावण्यापूर्वी तुकडा किती किलोचा आहे हे सांगता आलं पाहिजे. ओलं लाकूड घनमीटरला साधारण ८०० ते १,१०० किलो भरतं. १,००० किलो धरलं की हिशेब सोपा होतो. त्रिज्या मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ३.१४ नं गुणा, मग लांबीनं गुणा. १ मीटर लांबीचा ओंडका २० सेंमी व्यासाचा असेल तर सुमारे ३१ किलो, ३० सेंमीचा ७० किलो, ४० सेंमीचा १२६ किलो आणि ६० सेंमीचा जवळपास २८३ किलो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं. नजर इथेच फसते, कारण लांबी डोळ्यांत भरते आणि जाडी भरत नाही.

पानं आणि डहाळ्या यांचंही वजन असतं, पावसात भिजलेल्या फांदीचं आणखी. अंदाज पक्का नसेल तर तुकडा छोटा करा. दोन छोटे तुकडे उतरवायला दहा मिनिटं जास्त लागतील, त्यापलीकडे काही जात नाही.

ताण कुठे आणि किती

हा भाग सावकाश वाचा. पुढचा प्रत्येक निर्णय यावरच घ्यायचा आहे.

कप्पीवरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला ७० किलोची फांदी लटकते आहे. दुसऱ्या बाजूला ब्रेकनं तितकाच ताण धरला आहे. दोराच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतील तर कप्पीवर, म्हणजे ती जिथे बांधली त्या खोडावर, १४० किलो येतात. फांदी स्थिर असतानाही टांगणीवर, म्हणजे कप्पी बांधलेल्या जागेवर, दुप्पट भार असतो. दोन बाजूंमधला कोन ९० अंश असेल तर तो सुमारे १.४ पट होतो, १२० अंशांना फांदीच्या वजनाइतकाच.

आता तीच फांदी १ मीटर मोकळी पडली आणि मग दोर ताठ झाला असं समजा. खालच्या माणसानं तिला पुढच्या २० सेंमीत थांबवलं, तर त्या वेळी दोरावर सरासरी ४२० किलोचा ताण येतो. टांगणीवर त्याच्या दुप्पट, ८४० किलो. त्याच फांदीला थांबण्यासाठी २ मीटर मिळाले तर दोरावरचा सरासरी ताण १०५ किलोवर येतो. वजन तेच, दोर तोच, पडलेलं अंतरही तेच. फरक पडला तो थांबायला दिलेल्या अंतराचा. आणि ही सरासरी आहे, क्षणभराचा कमाल ताण याहून जास्त असतो.

दोराच्या माहितीपत्रकावर तुटण्याची ताकद किलोन्यूटनमध्ये दिलेली असते. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं १०० किलो. ४० किलोन्यूटनचा दोर कागदावर ४,००० किलोला तुटतो, पण रिगिंगच्या दोरासाठी हा आकडा १० नं भागण्याची पद्धत आहे, म्हणजे कामाचा भार ४०० किलो. गाठीत दोर वळतो तिथे त्याची ताकद घटते. बोलाइन गाठीत साधारण एक तृतीयांश गेली असं धरून चालावं. वरच्या उदाहरणातला ७० किलोचा तुकडा हिसक्यानं थांबवला तेव्हाच आपण त्या ४०० किलोंच्या पुढे गेलो होतो, हे लक्षात घ्या.

साहित्य

*दोर.* दुहेरी विणीचा पॉलिस्टरचा दोर घ्या. तो कमी ताणला जातो, घासला तरी टिकतो आणि २५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. सामान बांधायचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर १६५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि वेगानं सरकणाऱ्या दोराला ब्रेकवर घासून भरपूर उष्णता सोसावी लागते. तो या कामाला वापरू नका. चढण्यासाठीचा दोर, हुक आणि पट्टे वेगळे ठेवा. ज्या दोरानं एकदा ओंडका उतरवला त्या दोरावर माणसानं लटकायचं नाही. दोन्हींचे रंग वेगळे घेतले की घाईत अदलाबदल होत नाही.

*कप्पी.* झाडकामासाठी बनवलेला ब्लॉक वापरतात. त्यात दोराचं चाक खाली फिरतं आणि स्लिंग अडकवायचा दांडा वर असतो. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान चौपट हवा, नाहीतर वळणावर दोराचे धागे चिरडतात.

*स्लिंग.* ब्लॉक किंवा ब्रेक खोडाला बांधायचा जाड दोराचा तुकडा. तो मुख्य दोरापेक्षा मजबूत असावा, कारण टांगणीवर दुप्पट भार येतो.

*ब्रेक.* सर्वांत सोपा म्हणजे बुंध्याशी बांधायची धातूची नळी, पोर्टारॅप नावानं ओळखली जाणारी. तिच्याभोवती दोराचे वेढे घेतात आणि घर्षणावर वजन पेललं जातं. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं वेढ्यांच्या घर्षणाचं सूत्र मांडलं. त्यातली कामाची गोष्ट अशी की परिणाम बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. एका वेढ्यानं हातावरचा ताण एक तृतीयांश झाला, तर दोन वेढ्यांनी एक नवमांश आणि तीन वेढ्यांनी सत्ताविसावा हिस्सा. बंदरात खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एकटा माणूस मोठी बोट धरून ठेवतो, ते याच्याच जोरावर. म्हणून एक वेढा कमी-जास्त झाला तरी फार फरक पडतो. वेढे कमी पडले तर दोर हातातून निसटतो, जास्त झाले तर तो सरकतच नाही आणि सगळा हिसका झाडावर जातो.

कप्पी नसेल तर फांदीच्या बेचक्यातून दोर नेण्याची जुनी रीत आहे. हलक्या फांद्यांना ती चालते. पण साल आणि दोर दोन्ही सोलतात, घर्षण किती लागेल हे सांगता येत नाही, आणि झाड राखायचं असेल तर ती जखम कायमची राहते. मी नवख्याला कप्पीवरच शिकवणं पसंत करतो.

याशिवाय हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, घट्ट बसणारे हातमोजे आणि जाड तळव्यांचे बूट. हे सगळ्यांनी घालायचं, खाली फक्त दोर धरून उभ्या असलेल्यानंही.

झाड आणि जागा पाहणं

आधी झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्यावर अळंब्या उगवल्या आहेत का, मुळांजवळची माती उचलली गेली आहे का, खोडाला उभी चीर किंवा ढोली आहे का, बेचक्यात दोन फांद्यांमध्ये साल दबून बसली आहे का, हे पाहा. लाकडी हातोड्यानं खोड ठोकून बघा, पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. ज्या खोडावर शंका आहे त्यावर टांगणी बांधायची नाही. वाळलेलं किंवा कुजलेलं झाड हे शिकण्याचं झाड नव्हे.

विजेच्या तारा दिसल्या तर तिथेच थांबा. माणूस, हत्यार, दोर आणि पडणारी फांदी यांपैकी काहीही तारांपासून ३ मीटरच्या आत येता कामा नये. उच्चदाबाच्या तारांसाठी हे अंतर आणखी वाढतं. ओल्या दोरातून वीज वाहते. अंतर पुरत नसेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काम सुरूच करू नये.

मग फांदी कुठे उतरणार, ती ओढून कुठे नेणार आणि ब्रेक धरणारा कुठे उभा राहणार, हे कामावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवा. उतरण्याची जागा दोरीनं किंवा फितीनं आखा. तिच्या आत फांदी हवेत असताना कोणीही जायचं नाही.

चार गाठी पुरतात

गाठींची हौस मोठी असते, पण सुरुवातीला चार गाठी डोळे मिटून बांधता आल्या की बस.

पहिली सरकती बोलाइन. फांदी धरण्यासाठी हीच सर्वांत जास्त वापरली जाते. दोराचं टोक फांदीभोवतून घ्या. परत येताना ते मुख्य दोराला वळसा घालून फांदीकडे जाणाऱ्या आपल्याच भागापाशी आणा. त्या भागावर एक छोटा फेरा करा, फांदीकडे जाणारी बाजू फेऱ्याखाली राहील असा. टोक फेऱ्यातून खालून वर काढा, त्या भागाच्या मागून फिरवा आणि पुन्हा फेऱ्यातून खाली उतरवा. घट्ट ओढा. आता मुख्य दोर त्या छोट्या डोळ्यातून सरकतो आणि ताण आला की फास फांदीवर आवळतो. काम झाल्यावर ही गाठ सहज सुटते, कितीही वजन पेललेलं असलं तरी. टोक किमान एक वीत उरलं पाहिजे. फास शक्यतो एखाद्या खुंटाच्या किंवा गाठाळ जागेच्या अलीकडे बसवा, म्हणजे तो घसरून फांदीबाहेर निघणार नाही.

दुसरी हाफ हिच, आणि तीही एकटी नव्हे. लांब किंवा गुळगुळीत ओंडक्यावर सरकत्या बोलाइनच्या आधी, मुख्य दोराच्या बाजूला, एक हाफ हिच घालतात. बराचसा भार तीच घेते आणि मागची बोलाइन तिला सुटू देत नाही. दोन्हींमध्ये हातभर अंतर ठेवा.

तिसरी क्लोव्ह हिच, शेवटी दोन हाफ हिच घालून पक्की केलेली. फांदी छोटी असेल आणि फास नको असेल तेव्हा ती बरी.

चौथी काऊ हिच, स्लिंगनं ब्लॉक किंवा ब्रेक खोडाला बांधण्यासाठी. स्लिंगचं टोक खोडाभोवती फिरवा, स्लिंगच्याच उभ्या भागावरून वळवून उलट दिशेनं पुन्हा खोडाभोवती आणा, तयार झालेल्या वळणाखालून काढा आणि हाफ हिच घालून बंद करा. स्लिंग खोडावर घट्ट बसली पाहिजे. ती सैल राहिली तर भार येताच ब्लॉक जागचा उडतो आणि तेवढ्यानंही हिसका बसतो.

गाठ बांधली की तिचे सगळे पदर नीट जुळवा, मग ओढून आवळा, मग दुसऱ्यानं ती पाहायची. पदर एकमेकांवर चढलेली गाठ भाराखाली कशी वागेल हे सांगता येत नाही.

मांडणी

१. टांगणीची जागा निवडा. ती कापायच्या फांदीच्या वर असावी आणि निरोगी, जाड लाकडावर असावी. टांगणी वर असली की कापल्याबरोबर फांदीचा भार दोरावर येतो, पडायला अंतरच उरत नाही.

२. ब्लॉक काऊ हिचनं बांधा. दोर त्यातून ओवा.

३. ब्रेक त्याच झाडाच्या बुंध्याला, कमरेच्या उंचीवर बांधा. तो दूरच्या खुंटाला बांधला तर दोर तिरपा ओढतो आणि खोड वाकतं. दोर खोडालगत खाली आला तर बराचसा भार खोडाच्या उभ्या अक्षावरून जमिनीत उतरतो, आणि लाकूड त्या दिशेला मजबूत असतं. बुंध्याची कोणती बाजू घ्यायची हे फांदी कुठे उतरणार त्यावर ठरवा. ब्रेक धरणाऱ्याच्या डोक्यावर काही येता कामा नये, पण त्याला फांदी दिसली पाहिजे.

४. दोराचं दुसरं टोक फांदीला बांधा. सैलपणा काढून घ्या. मांडणीतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे. अर्धा मीटर सैल दोर म्हणजे अर्धा मीटर मोकळी पडझड.

५. टांगणी फांदीच्या बरोबर वर नसेल तर कापलेली फांदी झोका घेणार. झोक्याच्या वाटेत खोड आहे, भिंत आहे की चढलेला माणूस, ते पाहा. गरज असेल तर फांदीला दुसरा, हलका दोर बांधा आणि जमिनीवरच्या दुसऱ्या माणसाला तो धरून दिशा द्यायला सांगा.

६. पूर्ण वाटेवर दोराला एकदा हातानं ओढून पाहा. कुठे सालीत अडकतो का, कुठे दुसऱ्या फांदीवर घासतो का.

बुडाला बांधायचं की शेंड्याला

फांदी कशी हलेल हे गाठ कुठे आहे त्यावर ठरतं. बुडाकडे, म्हणजे कापण्याच्या जागेजवळ बांधली तर शेंडा आधी खाली जातो. जागा मोकळी असेल तेव्हा हे सोपं पडतं. शेंड्याकडे बांधली तर शेंडा वरच राहतो आणि बूड सुटून झुलतं. खाली छप्पर असेल तेव्हा याचा उपयोग होतो, पण झुलणारं बूड चढलेल्या माणसाच्या दिशेनं येऊ शकतं, म्हणून त्याची उभं राहण्याची जागा आधी ठरवा. तिसरा मार्ग म्हणजे मुख्य दोर मध्याजवळ बांधून एक जोडदोर दुसऱ्या टोकाला देणं, म्हणजे फांदी आडवी तरंगत उतरते. दिसायला हे छान वाटतं, पण समतोल साधायला अनुभव लागतो. सुरुवात बुडापासून करा.

टांगणी कापण्याच्या जागेच्या खाली असलेली रिगिंग, जिथे उभ्या खोडाचा शेंडा कापून त्याच खोडावरच्या ब्लॉकवर झेलतात, ती नवख्यांनी करू नये. तिथे तुकडा पडणारच असतो, आणि वरचे सगळे आकडे एकाच वेळी वाईट बाजूला जातात.

कापण्याची घटका

खालून आधी व्यासाच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत खाच घ्या, मग वरून कापा. खालची खाच नसेल तर फांदी मोडताना साल खोडापर्यंत सोलून जाते.

हाकांचे शब्द आधी ठरवा. चेनसॉच्या आवाजात 'सोड' आणि 'ओढ' सारखेच ऐकू येतात आणि अर्थ अगदी उलटे आहेत. म्हणून दोर सैल करायला 'सोड' आणि ओढायला 'ताण' असं काहीतरी वेगळ्या आवाजाचं निवडा. वरचा विचारतो, 'मोकळं?' खालचा जागा पाहून उत्तर देतो, 'मोकळं!' उत्तर आल्याशिवाय करवत लागत नाही. 'थांब' ही हाक कोणीही देऊ शकतो आणि ती सगळ्यांनी पाळायची.

खालच्या माणसासाठी काही गोष्टी ठाम आहेत. दोर हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. उरलेला दोर पिशवीत किंवा ताडपत्रीवर मोकळा सोडा आणि त्याच्या वेटोळ्यात पाय टाकू नका. ब्रेकच्या मागे, थोडं बाजूला उभे राहा. दोन्ही हात दोरावर, कोपर सैल.

फांदी सुटली की पहिल्या क्षणी पकड घट्ट करण्याची इच्छा होते. तिथेच सराव कामी येतो. खाली जागा असेल तर दोर वाहू द्या, हात हळूहळू आवळा, म्हणजे फांदी वेग गमावत गमावत थांबेल. खाली लगेचच छप्पर असेल तर दोर वाहू देता येत नाही. तिथे तुकडा इतका छोटा कापावा की तो अडवला तरी चालेल. हे कापण्यापूर्वी ठरलेलं असतं, कापल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही.

सराव कसा करावा

२० सेंमी व्यासाचा, ६० सेंमी लांबीचा ओंडका घ्या, १९ किलोंच्या आसपास भरेल. जमिनीवरून हात पोचेल अशा भक्कम फांदीला ब्लॉक बांधा, बुंध्याला ब्रेक. ओंडका छातीइतका वर ओढा आणि एक वेढा, मग दोन, मग तीन वेढे घेऊन खाली सोडून पाहा. प्रत्येक वेळी हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. मग जमिनीवर खडूनं रेघ ओढा आणि ओंडका तिच्यावर आवाज न करता टेकवायचा प्रयत्न करा. पुढे कोणीतरी ओंडका हातभर वर उचलून सोडेल आणि तुम्ही तो वाहू देऊन थांबवायचा. या टप्प्यावर वेळ द्या. ओंडक्याचं वजन वाढवा, पण उंची नको.

गाठी घरी बसूनही करता येतात. हातमोजे घालून, पाठीमागे हात करून आणि थकलेले असताना बांधून पाहा.

दोराची निगा

प्रत्येक कामाआधी आणि नंतर पूर्ण दोर बोटांमधून सरकवा. तुटलेले धागे, अचानक बारीक किंवा कडक झालेली जागा, वितळून चकचकीत झालेला भाग, आतली वीण बाहेर डोकावणं, यांपैकी काहीही सापडलं तर तो भाग कापून टाका किंवा दोरच बाद करा. माती आणि वाळू धाग्यांमध्ये शिरून आतून कापत राहते, म्हणून मळलेला दोर थंड पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. उन्हात, इंधनाच्या डब्याजवळ किंवा बॅटरीजवळ ठेवू नका. एखाद्या दोरानं मोठा हिसका खाल्ला असेल तर बाहेरून तो धड दिसला तरी पुन्हा भाराखाली आणू नये. त्याचे तुकडे करून टाका, म्हणजे दुसरं कोणी चुकून उचलणार नाही.